झाकण कोणी फिरवले

दस्तगीर मिस्त्री गेल्याची बातमी मला मंगळवार पेठेत पाणवठ्यावर कळली, आणि त्याच दमात मरणाचे कारणही कळले. “देवाचा गुलाल नगं म्हणत हुता. भोवला की!” हंडा कमरेवर घेत एक बाई म्हणाली. शेजारणीने मान डोलावली. त्याला काही आठवडे झाले. आता निम्मे गाव तेच बोलते. ते खोटे आहे. मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

दस्तगीर माझा लहानपणचा सोबती. महाराजांच्या मोटारी सोडल्या तर कोल्हापुरात मोटार अजून नवलाची. टांग्यांची चाके बसवता बसवता तो या यंत्राकडे वळला. माणूस नम्र वगैरे नव्हता. शिव्या सढळ, फुशारकी त्याहून सढळ. त्याला कामाला ठेवणारे व्यापारी गृहस्थ, त्यांना येथे मालक म्हणतो, दर रविवारी भाविकांना मोटारीने जोतिबाच्या डोंगराकडे नेत. निघण्याआधी लोक मोटारीलाच देवाचे वाहन मानून तिच्या तोंडावर गुलाल-खोबरे उधळत. मालकांना ते आवडे. गर्दी वाढे.

चढ लागला की बॉनेटखालून फुसफुस सुरू होई. “मिस्त्री, नाग बसलाय का काय आत?” एका उतारूने विचारले. “तुमची सासू बसलीया, पावणं. गप बसा की!” दस्तगीर म्हणाला. पाण्याची रबरी नळी सांध्यावर सैल झाली आहे, असे त्याचे निदान. फटी बुजवायचा सफेदा लावून, सुतळी आवळून त्याने सांधा बांधला आणि जाहीर केले, “आता फुसकली तर नाव बदलीन.” पुढच्या रविवारी त्याच चढावर ती फुसकली. आता काय हाक मारायची, असे मी विचारले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये त्याने इंजिन चालू ठेवले, विडी पेटवली आणि मोटारीच्या पुढच्या जाळीसमोर धूर सोडला. जाळीमागचा पंखा हवा आत ओढतो; धूर आत जायला हवा होता. तो जाळीवर आपटून दस्तगीरच्याच तोंडावर परत आला. त्याने नखाने खरवडून पाहिले... गुलाल, खोबऱ्याचे तेल आणि रस्त्याची धूळ यांचा थर जाळीच्या भोकाभोकांत घट्ट बसला होता. वारा बंद, म्हणून पाणी उकळत होते आणि वाफ जाळीच्या माथ्यावरच्या, पाणी ओतायच्या झाकणाखालून वाट काढत होती. रंगपंचमीच्या पितळी पिचकारीने त्याने दुपारभर जाळी मागून धुतली. पुढच्या खेपेला मोटार निमूट चढली.

“गुलाल टपावर टाका, मागं टाका. तोंडावर नगं. तिथनं ती श्वास घेती,” त्याने मालकांना सांगितले.

“देवाचा गुलाल कुठं पडावा, हे आता तू ठरवणार व्हय रं?”

मालकांनी ‘तू’ कशासाठी दाबून उच्चारले, ते शेडमधल्या प्रत्येकाला समजले. दस्तगीर जाळीवर गोणपाट बांधू लागला. गुलाल उधळून झाला की सोडायचा. काही रविवार हे चालले. मग मालकांचे व्याही आले. मोटारीचे तोंड झाकलेले त्यांना बरे दिसणार नाही, म्हणून मालकांनी गोणपाट काढायला लावला. त्या दिवशी गुलालही नेहमीहून जास्त पडला.

अर्ध्या चढावर फुसफुस सुरू झाली. दस्तगीरने मोटार थांबवली. “गार हू द्या. झाकणाला कुणी हात लावू नगासा.”

“नैवेद्याची येळ टळतीया. पाणी वत आणि चल.”

“न्हाय म्हंजे न्हाय, मालक.”

सांधाही सुटला आहे का ते पाहायला तो बॉनेट उघडून वाकला. कान नळीजवळ होता. मालक दुसऱ्या बाजूने आले, त्यांनी हाताला उपरणे गुंडाळले आणि झाकण फिरवले. उकळते पाणी दस्तगीरच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर आले. मालकांच्या हाताला काही झाले नाही. जखमा चिघळल्या, ताप चढला आणि दस्तगीर गेला.

मी ज्या पत्राला बातम्या देतो, त्याला हे वृत्त लिहून दिले. छापून आले ते ‘झाकण उडून’ असे. झाकणे आपोआप उडत नाहीत. मालक प्रतिष्ठित आहेत, भाविक आहेत, असे मला सांगण्यात आले. म्हणून हा लेख दुसऱ्या पत्राकडे दिला आहे, आणि येथील संपादकांना विनंती एवढीच की पुढचे वाक्य काढू नये. झाकण मालकांनी फिरवले.

दस्तगीरची बायको, हमीदाभाभी, हिच्या कळशीला पाणवठ्यावर आता कोणी जागा देत नाही. “कोप झाल्यालं घर म्हणत्यात,” ती मला म्हणाली. “तुम्ही तिथं हुता न्हवं, भावजी? मग लिवा की! माझ्या पोरींनी ह्येच ऐकत मोठं व्हायचं काय?”

निघताना तिने मला परसात नेले. पेरूच्या बुंध्याशी माती लालभडक होती. जाळी धुतलेले पाणी दस्तगीर शेडच्या गटारात सोडत नसे. बादली भरून घरी आणी आणि इथे ओती. “देवाचं हाय, पायाखाली याय नगं, म्हणायचं,” भाभी म्हणाली.

ती रोज परस झाडते. तेवढ्या मातीला वळसा घालून झाडते.