सगळ्यांचाच मळा

"ताई, परवाचा तो प्रयोग कुठंय?"

"कुठला परवाचा?"

"तो नाय का, ज्यात मी आणे गावचं हवामान काढून टाकलं व्हतं. लई भारी आलेला."

"नाव काय दिलंस त्याला?"

ऋषीनं मान खाजवली. "'आता जमलं'."

"'आता जमलं' नावाच्या चार फायली आहेत. एक 'आता नक्की जमलं' आहे. आणि एकीचं नाव नुसतं 'हां' आहे."

"'हां' नको. ती रागात केलेली."

वृषाली पडवळनं वळूनही न बघता फाईल त्याच्या स्क्रीनवर पाठवून दिली. तिच्याकडे ती वेगळ्या नावानं होती: तारीख, प्रश्न, काय बदललं. ऋषी म्हणाला, "देवमाणूस हाय राव तुमी," आणि कामाला लागला. तिला वाटलं, देवासारखंच आहे खरं. एकदा बसवला की जागा सोडायची नाही.

कळंबला हायवेच्या कडेला, खताच्या दुकानावर दोन खोल्यांचं हे ऑफिस. टोमॅटोवर करपा रोग कधी येणार याचा अंदाज काढायचा आणि आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवायचं, 'उद्या फवारा' किंवा 'थांबा', हा कंपनीचा धंदा. त्यासाठी हवामान, पानांचे फोटो, गेल्या हंगामातल्या फवारण्या असं सगळं एकत्र करून ऋषी आणि राजरत्न दिवसभर नवनवी गणितं मांडून बघत. एकेक गणित म्हणजे एकेक प्रयोग. बहुतेक फसत.

वृषाली आली ती नुसते आकडे भरायला. मंचरच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. आल्या आल्या तिला कळलं, की संध्याकाळी मेसेज जातो तो नेमक्या कुठल्या गणितावरून, हे या ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही. मग तिनं संगणकावर प्रयोगवही सुरू केली. प्रश्न काय, माहिती कुठली घेतली, काय बदललं, काय निघालं, फसला तर का फसला. आणि एक नियम: फसलेला प्रयोग पुसायचा नाही.

तिथंच ती अडकली. वही इतकी चोख झाली की बाकीच्यांनी लक्षात ठेवणंच सोडून दिलं. चुलतबहिणीच्या हळदीत पिवळ्या हातानं तिनं फोन उचलला, तर पलीकडून ऋषी, "ताई, आर्द्रतेचा तो दुसरा प्रयोग..." ताप आला म्हणून रजा मागितली, तर मोहितसर म्हणाले, "घे ना. फक्त फोन चालू ठेव. तू नसलीस की आम्ही आंधळे."

राजरत्नची पुण्याच्या ऑफिसात बदली झाली आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. प्रयोग करणाऱ्याची खुर्ची. वृषाली त्याच दिवशी सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, ती जागा मला हवी."

मोहितसर पुण्याचे, बोलायला गोड. "अगं, आणि वही?"

"सोनलला शिकवलंय मी. तिला जमतं."

"सोनल नवीन आहे."

"मीपण नवीनच होते, सर. तीन वर्षं झाली."

सरांनी पेन टेबलावर टेकवलं. "बरं. एक प्रयोग कर. तुझा, तुझ्या डोक्यातला. सोमवारच्या बैठकीत मांड. चालला तर खुर्ची तुझी."

तिच्या डोक्यात तो कधीचाच होता. ऋषी फोटो आणि फवारण्या एकमेकांना जोडायचा ते मोबाइल नंबरावरून. पण गावाकडं फवारणीचं सांगतो बाप, स्वतःच्या फोनवरून, आणि पानाचा फोटो पाठवते सून, तिच्या फोनवरून. नंबर जुळत नाहीत, आणि निम्मी शेतं गणितातून गळून पडतात. वृषालीनं नंबर बाजूला ठेवला आणि माणसं शेत सांगतात तसंच धरलं: आडनाव आणि शेताचं नाव. पडवळ, मळा. पडवळ, माळावरचं. पडवळ, ओढ्याकडचं.

गळालेली शेतं भराभर परत आली. अंदाज असा बरोबर यायला लागला की ऋषी तिच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.

"ताई, आमच्या पोटावर पाय देता का काय?"

"तू बस तिकडं. नजर लावू नकोस."

"मिसळ पायजे सोमवारी. जादा पावाची."

शनिवारी दुपारी ऑफिसात ती एकटीच होती. सगळं झालं होतं, वहीत शेवटचा रकाना भरायचा राहिला होता: काय निघालं. भरण्याआधी एकदा नजर टाकावी म्हणून तिनं महाळुंग्याची शेतं वर घेतली. तिचंच गाव. पहिल्याच ओळीवर ती थांबली. पडवळ, मळा. एकाच संध्याकाळी चार फवारण्या.

एका मळ्यात चार वेळा औषध मारलं तर टोमॅटो काय, खालचं गवतही राहायचं नाही. तिनं घरी फोन लावला.

"आई, आपल्या भावकीत मळा म्हणतात असं शेत कुणाकुणाचं आहे?"

"म्हंजी?"

"म्हणजे आपला मळा आहे ना, तसं आणखी कुणी आपल्या शेताला मळाच म्हणतं का?"

"सगळ्यांचाच मळा की गं. न्हाईतर काय म्हणायचं, बंगला?" आई हसली. "नानांचा मळा, दगडूबापूंचा मळा, त्या झुंबरकाकूंचा मळा. का गं? काय झालं?"

"काही नाही."

"आवाज का असा येतोय?"

"ठेवते, आई."

अख्खं बालपण ती 'मळ्यात जाते' म्हणत आली होती आणि मळा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढं एकच विहीर, एकच बांध यायचा. परक्या माणसानं विचारलं असतं, कुणाचा मळा? तिला विचारावंसंच वाटलं नाही. अर्ध्या गावाचं आडनाव पडवळ, आणि तिनं सगळ्या भावकीची जमीन एका रकान्यात एकत्र करून टाकली होती. म्हणजे वाटण्याच उलट्या फिरवल्या होत्या.

आणि अंदाज बरोबर येत होता तो त्यामुळंच. इतक्या शेतांचं एक केलं की त्यात कुठं ना कुठं करपा सापडणारच.

हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. ऋषीला यातलं एकही शेत माहीत नव्हतं, सरांना तर मळा आणि माळही सारखेच. तपासणारी ऑफिसात एकच होती, आणि ती हीच. खाली दुकानदार शटर ओढत होता. वृषाली त्या रिकाम्या रकान्याकडं बघत बसली. 'चालला' लिहिलं की खुर्ची. मग येत्या हंगामात नानांच्या मळ्यातला करपा बघून झुंबरकाकूला मेसेज जाईल: उद्या फवारा.

तिनं लिहिलं: फसला. कारण: एकाच आडनावाची आणि एकाच नावाची वेगवेगळी शेतं एक धरली. चूक माझी.

सोमवारी तिनं ते तसंच वाचून दाखवलं. ऋषी खाली बघत राहिला. सोनलनं तोंडावर हात ठेवला. मोहितसर मात्र पुढं झुकले, आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला.

"हे कुणी पकडलं?"

"मीच."

"आणि स्वतःच लिहिलंस? 'चूक माझी'?" त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. "बघा. याला म्हणतात नोंद. स्वतःच्या विरुद्धसुद्धा लिहिते ही मुलगी. अशा माणसाला मी वहीवरून हलवू कसा? सांगा ना!"

"सर, दुरुस्त करता येईल. बापाचं नाव जोडायचं, नाहीतर गट नंबर..."

"ते सोनल करेल. तिला बसू दे राजरत्नच्या जागी. तिची चूक झाली तर बघायला तू आहेसच."

"सर," वृषाली म्हणाली, "ऋषीचे एवढे प्रयोग फसलेत. त्याची खुर्ची कधी गेली नाही."

"खरंय ते," ऋषी हळूच म्हणाला. "माझं तर फसायचंच काम हाय."

कुणीतरी हसलं. सरही हसले. "अगं, पण ऋषीला वही जमत नाही ना!"

बैठक संपली. बाहेरच्या खोलीत सोनल तिच्याजवळ आली. डोळे भरलेले. "ताई, मी नाय म्हणून सांगू का सरांना?"

"वेडी आहेस का? बस तिथं." वृषाली म्हणाली. "आणि पहिल्या दिवसापासून बापाचं नाव जोड."

दुपारी एक मिस्त्री जिना चढून आला. सरांनी पाठवलेला. हातात पितळी पाटी: वृषाली पडवळ, नोंद प्रमुख.

"कुठं बसवू?" त्यानं विचारलं.

"नुसती ठेवली तर नाही का चालणार?"

"सायेब म्हणले, पक्की बसव. हलाय नको."

त्यानं टेबलाच्या कडेला ड्रिल लावलं. भुसा तिच्या मांडीवर पडत राहिला, ती उठली नाही. तो गेल्यावर तिनं हातानं भुसा झटकला आणि वही उघडली. खाली नवी ओळ घेतली. प्रश्न: बापाचं नाव नसेल तिथं शेत ओळखायचं कसं? प्रयोग कुणाचा: वृषाली. पुढच्या रकान्यात परवानगी कुणाची ते लिहायचं असतं.

तो तिनं रिकामा सोडला आणि काम सुरू केलं.