तुळईला खिळा

माळ्यावर दोन्ही पोरींसाठी खोल्या काढायच्या ठरल्या, तेव्हा आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "काम होईस्तोवर समदे शेतातल्या खोलीवर ऱ्हाऊ." मी ऐकते होय! थोरलीची दहावी तोंडावर आलेली. "आमी कुठं जायचो न्हाई," म्हणून मोकळी झाले. वर मिस्त्रीला दम भरला की अंगणात पसारा नको, विटा सगळ्या माळ्यावर नेऊन रचा. त्यानं रचल्या. शहाणी मी!

आमचा अख्खा माळा एका जुन्या लाकडी तुळईवर पेललेला. ही तुळई म्हणजे आप्पांचा देवच. तिला खिळा मारायचा नाही, खरवडायचं नाही. दर दसऱ्याला मी तिला तेल-हळद लावून कुंकवाची बोटं ओढायची, दिवाळीला वरून ऑइलपेंट. दोन्ही पोरींचा पाळणा तिलाच दोर गुंडाळून बांधला होता.

त्या दिवशी आप्पा शेतात होते. आमचा मिस्त्री, मादन हिप्परगा गावचा, वर न्यायच्या वायरीसाठी जागा बघत खाली आला आणि म्हणाला, "अक्का, इथं एक खिळा लागतो." मी दारातून रस्ता बघितला. आप्पा दिसेनात. "मार," म्हटलं.

खिळा नुसत्या अंगठ्यानं आत गेला. हातोडी तशीच हातात. त्यानं पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत बुडाला, आणि भोकातून वाळवीची माती भुरभुर गळायला लागली. थेट थोरलीच्या वहीवर. ती तिथंच, तुळईखाली गणितं सोडवत बसलेली.

"अक्का," मिस्त्री अगदी हळू बोलला, "पोरीला आधी बाहीर काढा."

"ऊठ गं," म्हटलं. "एवढं गणित व्हायलंय, थांब की," ती मान खाली घालूनच. मी तिची वेणी धरली आणि फरफटत अंगणात आणली. "यडी झालीस का आई? कामून ओढायलीस?" ती रडायला लागली.

टेकू लावून विटा उतरवण्यात दुपार गेली. मग तुळई काढली, ती मिस्त्रीनं एकट्यानं खांद्यावर टाकून बाहेर आणली. चार माणसांचं लाकूड ते! आत नुसती माती, वर रंग-हळदीचा पापुद्रा. बाई गं! सोळा वर्षं या हातांनी मी काय पुजत होते? हिच्याखाली लेकरं निजवली?

आप्पा आले. खिळ्यावरून आता माझा उद्धार होणार, असं वाटलं. त्यांनी तुळईवर हात फिरवला, तर ती बोटांखाली चुरली. "मीच कुणाला हात लावू दिला न्हाई," एवढंच म्हणाले आणि तिथंच मातीत बसले. थोरलीनं पाणी आणून दिलं, तर तिच्याकडे बघवेना त्यांना.

आता तिथं लोखंडी गर्डर आहे. वर खोल्याही झाल्या. यंदाच्या दसऱ्याला मी हळदीची वाटी घेऊन आले, तर आप्पा आधीच स्टुलापाशी उभे, हातात हातोडी.

"आप्पा, लोखंडाला कुठं वाळवी लागती का?" मला हसू आलं.

ते हसले नाहीत. "पोरी बाहीर हायत का, बघ आधी."

दोघी अंगणात गेलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या, तेव्हा ते स्टुलावर चढले. गर्डर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकला, कान लावून ऐकला. मग खाली उतरून म्हणाले, "हं. आता लाव हळद."