बॉबिनच्या गाड्या

"टक्कर झाली म्हणून काही हरवत नाही. एकाचं दुसऱ्याकडे जातं, एवढंच," असं म्हणत आमच्या शाळेतले फिजिक्सचे सर टेबलावर दोन सारख्या गाड्या मांडत. फळीच्या तुकड्यांना रिकाम्या बॉबिनची चाकं, पुढे मेणाचा गोळा. चालती गाडी उभ्या गाडीवर आदळून चिकटली की वेग निम्मा व्हायला हवा. सरांचा कधीच होत नसे.

दोष गाड्यांचा नव्हता. त्या काळातलं सुरतचं लिंबायत तुम्ही पाहिलं असेल, तर निराळं सांगायला नको. शाळेच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. माग चालू असले की टेबलावरचा खडूसुद्धा सरकायचा. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो, म्हणजे ओरडायचो. आम्ही सरांना चिडवायचो, की आकडे ठोकून द्या, कोण बघतंय! ते शांतपणे म्हणत, "आकडे मी लिहीत नाही. गाडी लिहिते."

त्या वर्षी अकरावी विज्ञानाचा वर्ग तात्पुरत्या परवानगीवर सुरू झाला होता. मराठीतून शिकणारी नऊ मुलं, सगळी खानदेशी कामगारांची. निरीक्षकांनी प्रयोग बघून मान्यता दिली तर वर्ग टिकणार, नाहीतर बंद. तपासणी नेमकी कारखाना चालू असण्याच्या दिवशी आली. सर कधी कुणापुढे हात न पसरणारे, पण आदल्या दिवशी कारखान्यात गेले. तिथे चौघे पालक कामाला होते. शेटला विचारण्यात अर्थ नव्हता. एका मुलीचे वडील म्हणाले, "पाच मिनिट बंद ठेवसूत, सर. पोरेसना करता."

दुसऱ्या दिवशी अकराला माग थांबले. निरीक्षकांनी पंख्याकडे पाहून विचारलं, "लाइट गई?" सरांनी गाडी ढकलली. वेग बरोबर निम्मा झाला. मुलांनी तीनदा मोजला. सरांचे डोळे भरलेले मी दारातून पाहिले, आणि माझेही भरले.

महिन्यानं पत्र आलं. पत्र्याच्या खोलीला प्रयोगशाळा म्हणता येत नाही, सबब मान्यता नाही. तोवर शेटनं त्या चौघांना काढून टाकलं होतं. त्या मुलीचं कुटुंब पत्र यायच्या आधीच चलथाणकडे ऊसतोडीला गेलं होतं, आणि तीही.

वर्ग वर्ष संपेपर्यंतच चालणार होता, तरी एका रविवारी सर मला घेऊन तिला परत आणायला गेले. ती उसाच्या मोळ्या बांधत होती. हात पात्यांनी चिरलेले. वडिलांनी मान वर केली नाही.

"सर, मान्यता आली ना?" तिनं विचारलं.

सर तिच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आली."

"मग तोड संपली की येते. जूनमध्ये."

उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला आणि सुरत सोडली. पत्ता कुणालाच ठेवला नाही. मला त्यांचा फार राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

जूनच्या पहिल्या दिवशी ती आली, नवी वही घेऊन. खरं काय ते मला सांगावं लागलं.