लेकीचे बूट, माझे पाय

मैत्रिणींनो, आज मी जळतेय. तेही सख्ख्या बहिणीवर.

शनिवारी गोरेगावला मैदानात म्युझिक फेस्टिवल आहे. माझ्या लेकीचा, सईचा, पहिलाच. सोबत कोण जाणार? माझी धाकटी बहीण रूपा.

सकाळपासून दोघी हॉलमध्ये गालांना चमकी लावून बघतायत, फिदीफिदी हसतायत. मी म्हटलं, "चटई न्या गं. गावच्या जत्रेत दशावताराला आम्ही लवकर जाऊन चटई टाकून जागा धरायचो."

"मम्मी, तिकडे कोणी बसत नाही!"

रूपापण हसली. त्याच चटईवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची ही!

मग सईचे नवे बूट चावायला लागले. आमचा नंबर एकच, त्यामुळे ते सैल करायचं काम माझ्याकडे. जाड मोजे घालून तासभर सोसायटीत फेऱ्या मारल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय गं, एवढे भारी बूट घालून कुठे?" मी बिनधास्त सांगितलं, "फेस्टिवलला!"

आता बूट झकास सैल झालेत आणि माझ्या टाचेला फोड आलाय.

खरं सांगा, "मी पण येऊ का?" असं आपल्याच लेकीला विचारायची तुम्हालाही लाज वाटते का?