वालाचा वेल आणि निंबोळीचं तेल

माझं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. देवळीच्या आमच्या घरामागे त्या हिवाळ्यात वालाचा वेल कुंपणभर पसरला होता, आणि त्याला मावा लागला. कोवळे शेंडे बारीक काळ्या किडीनं भरून गेले. मला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा कशाचंच वाटत नव्हतं. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची.

एके सकाळी सासूबाईंनी निंबोळीच्या तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"वेलावर मारजो. बादलीभर पाण्याले अर्धी वाटी."

मी तेल नुसतंच पाण्यात ओतलं आणि होळीच्या पितळी पिचकारीनं भर दुपारी वेलावर उडवलं. तेल वर तरंगतंय हे दिसत होतं, तरी थांबले नाही. दोन दिवसांत पानं करपली. मावा होता तसाच.

सासूबाई आता बोलतील असं वाटलं. त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं.

"साबण नाई घातला?"

"नाही."

"अन् उन्हात मारलं काऊन?"

त्यांनी मला चुलीजवळ बसवलं. कपड्याचा साबण विळीवर बारीक चिरला, कोमट पाण्यात विरघळवला आणि त्यात थेंब थेंब तेल सोडत ढवळत राहिल्या. पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"ऊन उतरलं का मारजो. पानाच्या खालून. कीड तिथंच राह्यते." मग मान वर न करताच म्हणाल्या, "माये दोन लेकरं गेले. एक तर बसाले लागलं होतं."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करू? शेण काढलं, सैपाक केला."

त्यांचा हात धरावा, असं आज वाटतं. तेव्हा मी फक्त पाहत होते की साबणाची एक गुठळी अजून फुटायची राहिली होती.

दर चार दिवसांनी संध्याकाळी मी पानं उलटी करून फवारत गेले. महिन्याभरात मावा गेला, नवे शेंडे फुटले. संक्रांतीला शेंगांची भाजी झाली. घरातले सगळे चांगली म्हणाले. मीही जेवले.

रडू आलं ते चैत्रात, माहेरी. आई दारात येऊन नुसतं "आली का वं?" म्हणाली, तेव्हा.