अल्पशा आजाराने

मेलेल्या माणसांची इतकी काळजी वाहणारा आणि त्यापायी जिवंत माणसांना इतकं छळणारा गृहस्थ अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. हे माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी आरोग्य खात्यात जन्ममृत्यूच्या नोंदी जिथे गोळा होतात त्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली, पण जन्मांत त्यांना काडीचाही रस नव्हता. "जन्माचं सगळे हौसेने लिहितात," ते म्हणायचे. "माणूस गेला की मात्र हाताला येईल ते खरडून मोकळे होतात."

वारज्याला त्यांच्या सोसायटीत कुणी गेलं, की घरचे लोक दाजी जिन्यात दिसताहेत का ते आधी बघत. एकदा तळमजल्यावरचे आजोबा गेले. भेटायला आलेल्या माणसांना त्यांचा मुलगा रडत सांगत होता, "हार्ट बंद पडलं हो." दाजींनी त्याच्या खांद्यावर अगदी मायेने हात ठेवला आणि म्हणाले, "ते सगळ्यांचंच पडतं रे. त्याआधी काय झालं होतं?" ताईने तिथेच डोळे मिटून घेतले. संध्याकाळी ती एकटीच पिठलं-भात घेऊन त्या घरी पुन्हा गेली. दाजींनी करून ठेवायचं आणि ताईने निस्तरायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा संसार होता. मूलबाळ नव्हतं, निस्तरायला नवरा पुरेसा होता.

सकाळच्या पेपरात ते आधी निधनवार्ता वाचत, तेही लाल पेन घेऊन. 'अल्पशा आजाराने' या शब्दांवर त्यांचा भारी राग. अल्पशा म्हणजे किती, आणि आजार कुठला? 'वृद्धापकाळाने' दिसलं की पेन कागद फाटेपर्यंत फिरायचं. "म्हातारपण हा काय रोग आहे? मग मी आत्ता आजारी आहे का?" एकदा त्यांनी थेट पेपरच्या कचेरीत फोन लावून अर्धा तास व्याख्यान दिलं. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, आपल्याला जाहिरात द्यायची आहे का?" दाजी म्हणाले, "इतक्यात नाही." हा किस्सा ते स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगत.

तर अशा माणसाला निवृत्तीनंतर परदेशातून बोलावणं आलं. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल असा बेटांचा एक लहानसा देश. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संस्थेचे पैसे, भारताकडून माणूस, आणि काम काय, तर तिथल्या आरोग्य खात्यात मृत्यूंच्या नोंदीचं ऑफिस उभं करायचं. तिथे माणूस गेला की घरामागे पुरत आणि विषय संपे. सरकारला पत्ताच नसे. दाजी चकल्यांचे दोन डबे आणि उलटी थांबवायच्या गोळ्या घेऊन निघाले. होडीत बसून या बेटावरून त्या बेटावर, बरोबर तिथली एक नर्स, घरोघर तोच प्रश्न: त्याआधी काय झालं होतं? वारज्यात जो प्रश्न लोक टाळत होते, त्यासाठी तिथे नारळपाणी देऊन बसवून घ्यायला लागले. एका बेटावर बाळंतपणात बायका जातात हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण लिहिलेलं कुठेच नव्हतं. दाजींच्या मुलींनी (नर्सना ते 'माझ्या मुली' म्हणत) ते लिहून वर पाठवलं आणि त्या बेटाला एक सुईण आणि मोटरबोट मिळाली. मोटरबोटीचा फोटो दाजींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, 'हॅपी जर्नी काका.'

तुम्ही मदत करता असं कुणी म्हटलं की ते उखडत. "मदत कसली? ऑफिस त्यांचं आहे. मी परत आल्यावर ते चाललं, तर मी काही केलं. बंद पडलं, तर मी नुसता फिरून आलो." दरवर्षी दोन-तीन महिने ते जात. शेवटचा मुक्काम मात्र सहा महिन्यांचा ठरला, कारण त्यानंतर मुली सगळं स्वतःच चालवणार होत्या.

त्या मुक्कामाआधी तीन आठवडे ताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. तिने ते फक्त मला सांगितलं. मी भांडले, रडले, दाजींना सांगते म्हणून धमकी दिली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "सांगितलंस तर ते जायचे नाहीत. इथे बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतील, आणि तिकडचं सगळं अर्धवट राहील. सहा महिने मी सहज काढीन." मला शपथ घातली. तिच्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

तिने पाच काढले. त्या बेटांवरून फोनवर नुसता आवाज यायचा, चेहरा दिसायचा नाही, आणि आवाज तिने शेवटपर्यंत खणखणीत ठेवला. दाजी एक होडी आणि तीन विमानं बदलून पोहोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. मी त्यांना सांगितलं की आजार शेवटच्या पंधरवड्यातच कळला. ते ऐकून घेऊन खुर्चीत बसले. 'त्याआधी काय झालं होतं' हे ज्यांनी उभ्या पुण्याला विचारलं, त्यांनी मला काही विचारलं नाही. एक महिना नाही, एक वर्ष नाही. मला त्या न विचारण्याचीच भीती वाटायची. खरं कळलं तर हा माणूस स्वतःला कधी माफ करणार नाही, हे मला माहीत होतं.

मग यंदा त्या संस्थेने पैसे थांबवले. तिथलं ऑफिस रिकामं झालं, एक अधिकारी बाई तेवढी उरली. ती नव्या नर्सना पगाराशिवाय गोळा करते आणि दाजी दर बुधवारी सकाळी सात वाजता वारज्यातून त्यांना फोनवर शिकवतात. एका सोमवारी दुपारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुझ्या ताईच्या मृत्यूचा डॉक्टरांनी भरलेला फॉर्म आहे ना? त्याची झेरॉक्स दे. नाव झाकून मुलींना दाखवतो. नीट भरलेला नमुना मिळत नाही कुठे." असं फक्त दाजीच मागू शकतात. मी कपाटातून तो फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला.

चष्मा लावून ते उभ्याउभ्याच वाचू लागले. कारण व्यवस्थित होतं, कशामुळे काय झालं तो क्रम बरोबर होता, अक्षरसुद्धा चांगलं होतं, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. उजवीकडे एक अरुंद रकाना असतो: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ. तो कोरा होता.

"हे का नाही भरलं?"

डॉक्टर विसरले, असं म्हणता आलं असतं. पण विसरभोळ्या डॉक्टरांचं दाजी काय करतात ते मी आयुष्यभर पाहिलं होतं. "मीच नका भरू म्हटलं होतं," मी म्हणाले.

"किती?"

"पाच महिने आणि तीन आठवडे."

त्यांना हिशेब करायला वेळ लागला नाही. "म्हणजे मी निघालो तेव्हा तिला..."

"हो. दाजी, तिने मला शपथ घातली होती."

ते ओरडतील, रडतील, मला घराबाहेर काढतील असं वाटत होतं, आणि घर माझं आहे हेही त्या क्षणी आठवलं नाही. त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली, चप्पल घातली आणि गेले.

बुधवारी सकाळी न राहवून मी वारज्याला गेले. दार उघडंच होतं. दाजी टेबलाशी बसून स्पीकर लावलेल्या फोनवर आपल्या पुणेरी इंग्रजीत शिकवत होते, समोर तो फॉर्म, रकान्यात लाल शाईने आकडा लिहिलेला. पलीकडून कुणीतरी मुलगी विचारत होती की घरचे हा काळ सांगायला तयार नसतील तर काय करायचं. एरवी त्यांनी तिला खोदून खोदून कसं विचारायचं ते शिकवलं असतं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी लिहू नका. बसा थोडा वेळ त्यांच्याजवळ. पुन्हा जा." मग तास संपला आणि त्यांनी फोन बंद केला.

मी चहा टाकला. कप पुढे ठेवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

"शेवटी शेवटी काय खायची गं ती?"

"मऊ भात," मी म्हणाले. "वर साईचं ताक. पहिले दोन घास आवडीने खायची."

"मेतकूट?"

"चिमूटभर."

त्यांनी मान हलवली. मग मी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.