गुरुजींच्या नावावरची मूळव्याध

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकला एसटी स्टँडजवळ आमचं मेडिकल होतं आणि नुकताच फार्मसीचा डिप्लोमा केलेली मी वडिलांच्या हाताखाली काम करत होते. डोंगराकडच्या पेठ गावातल्या लोकांची औषधं आम्ही बसने पाठवायचो. सकाळच्या गाडीने डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यायच्या, दुपारच्या गाडीने कंडक्टरच्या हाती पार्सल जायचं. लेबलाच्या बाबतीत वडील भलतेच कडक. प्रत्येक पुडीवर रुग्णाचं नाव, औषध कशाचं, केव्हा घ्यायचं, जेवणाआधी की नंतर. लेबल नसेल तर पुडी काउंटर ओलांडणार नाही म्हणजे नाही!

पेठच्या पुड्यांवर बहुतेक एकच नाव असायचं, तिथल्या शाळेतल्या तरुण गुरुजींचं. ते अधूनमधून दुकानात येत. उंच, हसरे. ते आले की मी बाटल्यांची झाकणं वाकडीतिकडी लावायचे.

एके दिवशी त्यांच्या मावशी आमच्या घरी त्यांचं स्थळ घेऊन आल्या. मला तर आकाश ठेंगणं झालं!

"छे छे!" वडील उसळले. "अहो, या माणसाला मूळव्याध आहे, दमा आहे, संधिवात आहे, खरूजसुद्धा! माझ्या हाताने लेबलं लिहिलीत मी. तुम्हाला सून हवी की नर्स?" मावशींनी आ वासला. तेवढ्यात वडिलांना आणखी काही आठवलं. "आणि गरोदरपणातल्या उलट्यांच्या गोळ्या गेल्याच आठवड्यात पाठवल्यात. म्हणजे घरात बायको आहे की हो!"

मावशी तरातरा निघून गेल्या. मी रडून डोळे सुजवले. दमा, खरूज सगळं पत्करलं असतं, पण बायको? शेवटी आई वडिलांवर बरसली, "इथे बसून कसले निकाल देताय? जा, डोळ्यांनी बघून या."

दुसऱ्या दिवशी वडील पार्सल मांडीवर घेऊन स्वतःच पेठला गेले. गाडी थांबली आणि गुरुजींभोवती ही झुंबड उडाली! एक आजी ओरडली, "गुरुजी, माझी गुडघ्याची पुडी हाय ना?" गुरुजी पुडीपुडीवरचं आपलं नाव खोडून ज्याचं त्याचं लिहीत होते. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळचा सूर्य, रात्रीचा चंद्र काढत होते. कंडक्टर पार्सल द्यायचा ते नाव विचारून, आणि गाडीच्या वेळी स्टँडवर हमखास सापडणार ते समोरच्या शाळेतले गुरुजीच. म्हणून गावाच्या चिठ्ठ्या त्यांच्या नावाच्या पाकिटातून यायच्या. चिठ्ठीवर डॉक्टरांनी खरडलेली रुग्णांची नावं लागेनात, तेव्हा वडिलांनी खुशाल पाकिटावरचं नाव लेबलांवर चढवलेलं!

रात्री एकट्या गुरुजींच्याच खोलीवर त्यांच्या हातचं पिठलं-भात जेवून वडील सकाळी परतले.

"पोरगा ठणठणीत आहे," दारातूनच म्हणाले. "लेबलं माझी चुकली."

आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो मधल्यामध्ये हिसकावला आणि वडिलांना तसंच उलट्या पावली दाराबाहेर ढकललं. "पाणी मावशींकडे प्या! पाय धरा, काहीही करा, पण हो म्हणवून घेतल्याशिवाय परत येऊ नका!"

ते पेढे घेऊनच आले.